न चाखलेलं मीठ

उपवासाच्या दिवशी घरात दोन स्वयंपाक होतात. एक उपवास करणाऱ्याचा, तो अगदी साधा. दुसरा बाकीच्यांचा, तो रोजच्यासारखा. गुरुवार असो, संकष्टी असो की एकादशी, मुलांचे डबे काही उपवास धरत नाहीत. मग जिचा उपवास असतो तीच सकाळी सहाला आदल्या रात्री निवडून ठेवलेली गवार बाहेर काढते. फोडणी करते, हळद-तिखट घालते, मिठाच्या बरणीत हात घालते आणि झाकण ठेवते. भाजी शिजते. डब्यात जाते. डबा पिशवीत, पिशवी खांद्याला. दुपारी एकच्या सुमाराला ऑफिसात झाकण उघडतं आणि भाजीला मीठ अगदी बरोबर असतं.

तोवर ती भाजी कुणीही चाखलेली नसते. तिचा पहिला घास घेणारे आपणच. गंमत अशी, की याचं कुणाला नवल वाटत नाही. मीठ चुकलं तरच मिठाची आठवण होते. बरोबर असलं की ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि ज्या हाताने ते घातलं तो हातही येत नाही.

नैवेद्याच्या स्वयंपाकाचंही असंच. देवाला दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, हा नियम आपल्याकडे इतका मुरलेला आहे की तो कुणी कधी शिकवला हे सांगता येणार नाही. सणाच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळणाऱ्या पोराला तो पहिल्यांदा कळतो. करंज्या तळल्या जात असतात, वास घरभर पसरलेला असतो, आणि हात पुढे केला की उत्तर येतं, 'थांब, अजून नैवेद्य व्हायचाय.' तिथे हट्ट चालत नाही. एरवी मुलांचे सगळे लाड पुरवणारी आजीसुद्धा त्या वेळी देवाच्या बाजूची असते. मग पान वाढलं जातं. जमिनीवर पाण्याने चौकोन काढतात, त्यावर ताट ठेवतात. विष्णूला तुळशीचं पान, गणपतीला दूर्वा, शंकराला बेल. ताटाभोवती पाणी फिरवायचं, पाच प्राणांची नावं घ्यायची, हात जोडायचे. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. पण भूक लागलेली असताना ती दोन-तीन मिनिटं थांबणं हीच खरी पूजा असावी, असं मला कधीकधी वाटतं.

या पानातली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आपल्या पानात सगळ्यात आधी वाढतात ते मीठ. पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध. मग लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. नैवेद्याच्या पानात मात्र कितीतरी घरांत मीठ वाढत नाहीत. त्याची कारणं घरोघरी वेगळी सांगतात. मला त्यातली व्यवहाराची बाजू आवडते. माणसाच्या पानात चूक सुधारायची सोय ठेवलेली आहे. कमी पडलं, घ्या वरून. देवाच्या पानात ती सोय नाही. हाताने जे घातलं ते घातलं. करणाऱ्याने चाखायचं नाही आणि खाणाऱ्याला वरून घेता यायचं नाही, अशा दोन्हीकडून बांधलेल्या अटीत तो स्वयंपाक होतो. आणि तरी तो चांगला होतो.

कसा होतो? जरा नीट पाहिलं तर लक्षात येतं, की नैवेद्याचे मानाचे पदार्थ बहुतेक मापाचे आहेत. पुरणाला जितकी हरभऱ्याची डाळ तितका गूळ. सत्यनारायणाच्या शिऱ्याला रवा, तूप, साखर, सगळं सव्वाच्या मापाने. मोदकाच्या उकडीला जितकी पिठी तितकं पाणी. श्रीखंडाला जुन्या हिशेबाने चक्क्याच्या बरोबरीने साखर. हल्ली आपण हात आखडता घेतो ते सोडा. नांदेडला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलात तर ओंजळीत मिळणारा कडाह प्रसादही याच वळणाचा. कणीक, तूप आणि साखर समसमान. म्हणजे चाखायची गरजच पडू नये, अशी ही रचना आहे. कुणी बसून ठरवली असेल असं नाही. पण जे पदार्थ न चाखता हमखास जमतात, तेच पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे टिकले असावेत, असा माझा आपला तर्क. शेवटी पहिल्या वर्षीच्या नव्या सुनेलाही नैवेद्य जमायला हवा ना!

कटाची आमटी मात्र कुठल्याच मापात बसत नाही. कट कधी दाट निघतो, कधी पातळ. चिंच कधी जुनी असते, कधी नवी. गुळाचा गोडवा ढेपेगणिक बदलतो. तिथे 'किती मीठ?' असं विचारलं की एकच उत्तर मिळतं, 'अंदाजाने.' हे ऐकून नव्या माणसाचा जीव जातो. त्याला वाटतं, सांगायचं नाही म्हणून असं बोलतात. तसं नसतं. त्या अंदाजात फार गोष्टी असतात आणि त्या सांगता येत नाहीत, एवढंच. मेथीची जुडी चिरल्यावर कढईभर दिसते, पण शिजली की वाटीभर होते. म्हणून तिच्या आकाराला फसायचं नाही आणि मीठ शेवटी घालायचं. जाडं मीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्याने घातलं तरी सारखं पडत नाही. जाड्या खड्यांमध्ये फटी राहतात. घरात मिठाची पुडी बदलली की चार दिवस हात चुकतो तो यामुळेच. आमसूल आधी टाकलं तर कडधान्य लवकर शिजत नाही. आमटीला उकळी आली की तिच्या वासावरून आणि पळीवरून ओघळण्यावरून काय हवं-नको ते कळतं. हे सगळं एखादी बाई शेजारणीशी फोनवर बोलता बोलता करत असते.

आणि त्या अंदाजात माणसंही असतात. सासऱ्यांना रक्तदाब आहे, त्यांच्या वाटीपुरतं आधी काढून मग बाकीच्यांचं मीठ घालायचं. धाकट्याला दात येतायत, त्याच्या वरणाला तिखट नको. पाहुणे कोल्हापूरचे आहेत, रस्सा थोडा झणझणीत हवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगितलं आहे, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. हा आकडा पुष्कळ घरांत ठाऊकही नसेल. पण डॉक्टरांनी 'मीठ कमी करा' म्हटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चिमूट लहान होते. ती चिमूट कुणाच्या वहीत लिहिलेली नसते. ती त्या माणसाकडे बघून ठरलेली असते.

हे एकाच धर्मात किंवा एकाच स्वयंपाकघरात घडतं असं नाही. रमजानच्या महिन्यात मुसलमान घरांमध्ये दुपार टळली की इफ्तारची तयारी सुरू होते. भजी तळायची, फळं कापायची, कुठे खिमा, कुठे खीर. करणारीचा स्वतःचा रोजा असतो. पहाटेपासून पाण्याचा थेंबही पोटात नाही. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायला चालतं, असं जाणकार सांगतात. पण पुष्कळ बायका तेही करत नाहीत. सूर्य मावळतो, अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि मग पहिल्यांदा कळतं की खिम्याला मीठ कसं झालंय. असा महिनाभर रोज. मला तर हा महिना भुकेच्या परीक्षेइतकाच हाताच्या परीक्षेचा वाटतो.

आता याच्या नेमकी उलट गोष्टही आपल्याच घरात सांगतात. ती शबरीची. रामाला द्यायचं प्रत्येक बोर तिने आधी चाखून पाहिलं. आंबट निघालं ते टाकलं, गोड निघालं ते ठेवलं. वाल्मीकींच्या रामायणात ही उष्ट्या बोरांची गोष्ट येत नाही. तिथे शबरी रानात गोळा करून ठेवलेलं फळ-मूळ रामापुढे ठेवते, एवढंच. बोरं नंतरच्या काळात लोकांनी तिच्या ओंजळीत घातली. आणि बरं केलं. नाहीतर न चाखणं म्हणजेच प्रेम, चाखणं म्हणजे पाप, असा कुणीतरी कोरडा नियम करून टाकला असता. लहान मुलाला दूध देताना आई आधी आपल्या जिभेला लावून पाहतेच. कडू औषध आधी स्वतः चाखून दाखवते. शबरीही त्याच जातीची. एकीकडे 'पहिला घास माझा नाही' म्हणून हात मागे राहतो, दुसरीकडे 'वाईट घास तुला जायला नको' म्हणून हात पुढे होतो. दोन्हीत स्वतःच्या जिभेचा विचार नाही. कुणाला काय साधेल ते त्याने करावं.

आपलं बाहेरचं जग आता फार चाखून चालणारं झालं आहे. हॉटेलात जायचं तर आधी किती तारे मिळालेत ते बघतो. सिनेमा बघायच्या आधी दहा जणांची मतं वाचतो. कपडा मागवायचा तर 'आवडला नाही तर परत' अशी हमी लागते. यात चूक काही नाही. पैसे घामाचे असतात. पण या सवयीने एक होतं. जिथे आधी चव कळण्याची सोय नसते तिथे पाऊल टाकायला आपण बिचकायला लागतो. आणि घर नावाची गोष्ट तर सगळी तशीच असते. मुलाला वाढवताना तो पुढे कसा निघेल ते चाखून बघता येत नाही. म्हाताऱ्या आईचं करताना शेवटी कोण काय म्हणेल ते आधी कळत नाही. तिथे अंदाजानेच घालावं लागतं, आणि मनापासून घालावं लागतं.

हे झालं करणाऱ्याचं. खाणाऱ्याच्या बाजूलाही एक सुंदर रीत आहे, आणि ती मला त्याहून महत्त्वाची वाटते. देवापुढून ताट परत येतं तेव्हा त्यातलं अन्न तेच असतं. शितभरही कमी झालेलं नसतं. पण आता तो प्रसाद असतो, आणि प्रसादाला नावं ठेवायची नाहीत. किती सोपं! तोच शिरा एखाद्या लग्नात वाढला तर आपण म्हणू, तूप हात राखून घातलंय, रवा नीट भाजला नाही. पूजेच्या घरी तो द्रोणात मिळाला की आपण काहीही बोलत नाही. उजव्या हातात घेतो, कपाळाला लावतो, खातो, बोटं चाटतो. जीभ तीच, शिराही तोच. मन मात्र बदललेलं असतं. एरवी पदार्थाची परीक्षा घ्यायला बसलेलं मन त्या द्रोणापुढे घ्यायला आलेलं असतं.

शेगावला गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. त्या दिवसाची हकीकत विदर्भात घराघरांत ठाऊक आहे. एका घरी जेवणावळ झाली होती, बाहेर उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या आणि महाराज त्यावरची शितं वेचून खात होते. ज्या अन्नाकडे कुणी पाहिलंही नसतं, तेच त्यांनी आनंदाने खाल्लं. त्यांच्या प्रकटदिनाला आजही पिठलं-भाकरीचा नैवेद्य दाखवतात. पिठलं म्हणजे घरात काही नसताना होणारा पदार्थ. पाहुण्याला वाढताना आपण दहा वेळा 'आज काही विशेष नाही हं' म्हणतो. तेच पिठलं शेगावात मानाचं पान होतं.

मग रोजच्या डब्याला प्रसादाचा हा नियम लावायला काय हरकत आहे? पुष्कळ घरांत जेवताना बोललं जाणारं पहिलं वाक्य मिठाबद्दलचं असतं. पहिला घास तोंडात आहे तोच, 'आज अळणी झालंय.' सांगायला हरकत नाही. सांगितलं नाही तर कळणार कसं? पण निदान दुसरा घास होऊ द्यावा. चार घास खाऊन झाल्यावर तेच वाक्य बोललं तर त्यातली धार गेलेली असते. कित्येकदा तर तोवर भाजी पोळीला लागते, वरणात मिसळते आणि बोलण्यासारखं काही उरतच नाही.

पण नुसतं नावं न ठेवणं पुरेसं आहे का? मला इथे लहानग्या नामदेवाची गोष्ट आठवते. वडील दामाशेटी घरी नव्हते. रोजचा नैवेद्य घेऊन नामदेव विठ्ठलाच्या देवळात गेला. त्याने ताट ठेवलं आणि वाट बघत बसला. त्याला वाटत होतं, देव आता जेवेल. देव काही हलेना. पोर रडकुंडीला आलं. तू जेवला नाहीस तर मी इथेच डोकं फोडून घेईन म्हणाला. शेवटी देवाला जेवावं लागलं, अशी कथा आहे. मोठी माणसं रोज नैवेद्य दाखवत होती आणि भरलेलं ताट तसंच घरी आणत होती. त्यांना त्यात काही खटकत नव्हतं. पोराला खटकलं. मी एवढं आणलंय आणि समोरून काहीच नाही, हे त्याला सहन झालं नाही.

न चाखता डबा भरून देणारी बाई संध्याकाळी नामदेवाच्याच जागी असते. तिला खरंच ठाऊक नसतं, भाजी कशी झाली होती. तिने खाल्लेलीच नाही. तिच्या हातात येतो तो रिकामा डबा. मग ती त्या डब्यावरून ओळखायला बघते. पोळ्या संपल्या, भाजी थोडी राहिली, म्हणजे तिखट झाली असणार. चटणीचा छोटा डबा चाटून-पुसून साफ, म्हणजे आवडली. मुंबईत १८९०च्या सुमारास डबेवाल्यांचं काम सुरू झालं तेव्हापासून दुपारी भरलेला डबा पोचवायचा आणि रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत आणायचा, अशी त्यांची रीत आहे. त्या रिकाम्या डब्यांनी किती निरोप नेले असतील! कधी डब्यात चिठ्ठीही गेली असेल. पण बहुतेक वेळा नुसता खडखडाट.

देव बोलत नाही, ते ठीक आहे. त्याच्याकडून आपण तशी अपेक्षाही ठेवत नाही. माणसाला मात्र बोलता येतं. 'गवार छान झाली होती' एवढे चार शब्द. ते कौतुकाचे असायलाच हवेत असं नाही. ती माहितीसुद्धा आहे. हाताचा अंदाज बरोबर होता की नाही, हे त्या हाताला कळायला नको का? दुपारी जेवताना लगेच दोन शब्द लिहून पाठवले तर उत्तमच. आईला, बायकोला, नवऱ्याला, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना, मेसच्या काकूंना. हल्ली काही घरांत डबा नवरा भरतो, आणि त्यालाही हे ऐकायला आवडतं, हे मी खात्रीने सांगतो.

इथे एक खटकणारी गोष्ट बोलून टाकायला हवी. पहिला घास देवाचा, गाईचा, कावळ्याचा, अतिथीचा, हे आपण नीट ठरवलं. शेवटचा घास कुणाचा, हेही न बोलता ठरून गेलं होतं. तो करणारीचा. सगळ्यांचं झाल्यावर, गार झालेलं, तळाशी उरलेलं. पैठणच्या एकनाथांची श्राद्धाची कथा आपण फार प्रेमाने सांगतो. पितरांसाठी केलेल्या स्वयंपाकाचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या भुकेल्या, गावाने दूर ठेवलेल्या माणसांना आला, आणि नाथांनी त्यांना बोलावून ते सगळं अन्न जेवू घातलं. ज्यांना कधी कुणी पंगतीला बसवलं नाही त्यांना पितरांचं पान मिळालं. गोष्ट मोठीच आहे. पण माझं लक्ष प्रत्येक वेळी नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंकडे जातं. वाढलंही त्यांनीच, आणि मग श्राद्धासाठी सगळा स्वयंपाक नव्याने केलाही त्यांनीच. दुसऱ्यांदा, पुन्हा न चाखता. त्या कधी जेवल्या, ते कथा सांगत नाही.

तेवढं आपल्याला सांगता येण्यासारखं करता येईल. फार काही लागत नाही. ज्या दिवशी तिचा उपवास सुटायचा असेल त्या रात्री पहिलं गरम पान तिला वाढायचं आणि आपण वाढायला उभं राहायचं. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते, म्हणजे तयारीला उशीर झाला ही सबब नाही. भात गरम, त्यावर वरण, तूप, लिंबाची फोड. पोळी तव्यावरून थेट पानात. ती म्हणेल, 'राहू दे, मी घेते.' ऐकायचं नाही.

मुलांना हे शिकवावं लागत नाही, ती बघून शिकतात. अंदाजही तसाच बघून येतो. शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी गेलेला एखादा मुलगा आता स्वतःची आमटी स्वतः करतो. सहा महिने खानावळीचं जेवून कंटाळलेला असतो. भांडी दोनच, मसाल्याचा डबा आईने भरून दिलेला. मीठ किती, हे त्याला कळत नाही. मग व्हिडिओ कॉल लावतो. आई म्हणते, 'फोन जरा पातेल्याजवळ धर.' तो धरतो. फोनच्या काचेवर वाफ धरते. तो ती पुसतो, पुन्हा धरतो. आई उकळीकडे बघते, रंग बघते, पळीने वर-खाली करायला सांगते. मग तिकडून सांगते, 'अजून अर्धी चिमूट घाल.'

'तुला तिथून कसं कळलं?'

'घाल म्हणते ना.'

तो घालतो, ढवळतो आणि विचारतो, 'चाखून बघू का?'

'बघ की. नैवेद्य थोडाच दाखवायचाय!'